ओविद रुकेतची करंगळी

आमच्या वेर्नेद गावात ओविद रुकेत हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं 'शेवटचा' होता. शेवटचा लाकडी जोडे करणारा. इतकी वर्षं शेवटचं राहणं सोपं नसतं. पलीकडच्या खोऱ्यातली शेवटची लेस विणणारी म्हातारी एका माहितीपटात आली आणि पुढच्या हिवाळ्यात गेली. शेवटचा घंटा ओतणारा तर चित्रण चालू असतानाच अंथरुणाला खिळला. ओविद मात्र टिकून राहिला, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. तो जोडे करणारा नव्हताच.

मी या गावचा शाळामास्तर. शाळेचं सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर माझ्या ताब्यात असे आणि गावच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ओविदवर निघालेले सगळे लघुपट मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेत. गावाला सगळं ठाऊक होतं, बाहेर कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते तसंच राहावं म्हणून आम्ही जेवढी मेहनत घेतली तेवढी रस्त्यासाठी घेतली असती, तर आज बस दारापर्यंत आली असती.

ओविदचा खरा धंदा दुधाचा. सकाळी घरोघरचे कॅन गोळा करून घोडागाडीतून डेअरीत पोचवायचे आणि मग संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे उभं राहायचं. उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चेहरा मात्र देवानं असा दिला होता की बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं फार सोसलंय. सोसलं काहीच नव्हतं. भरघोस मिशा, कपाळावर आठ्या, खोल गेलेले डोळे. आणि त्या डोळ्यांमागे बहुतेक वेळा एकच विचार, की आज मसुरीत सॉसेज आहे की नुसतीच मसूर.

खरा जोडे करणारा होता फेलिसियां. कामाला वाघ आणि बोलायला कारलं. त्याच्या डाव्या हाताची करंगळी कोवळ्या वयातच पात्याखाली गेली होती, पण उरलेल्या नऊ बोटांनी तो लाकडाच्या ओंडक्यातून असा जोडा काढायचा की पाय घालताच पायाला घरी आल्यासारखं वाटे.

छप्पन साली पॅरिसहून एक साहेब मोटारीतून आला. त्या काळी सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी एक लघुपट दाखवत. लोक तेवढ्या वेळात खुर्च्या शोधत, नाकं शिंकरत, शेजाऱ्याची चौकशी करत. या साहेबाला लाकडी जोड्यांवर असा लघुपट करायचा होता. कॅमेरा चावीचा होता आणि आवाज टिपायची सोयच नव्हती. फेलिसियांनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हात घ्या. तोंड मिळणार नाही."

"का बुवा?" साहेब म्हणाला.

"माझं आहे म्हणून."

खरं कारण मला माहीत होतं. सें-फ्लूर शहरातल्या कापडवाल्याची मुलगी नोएमी आणि फेलिसियां यांचं जमत आलं होतं. तिच्या घरी त्यानं सांगून ठेवलं होतं की आपण फर्निचरच्या कारखान्यात आहोत आणि करंगळी तिथल्याच करवतीनं नेली. लाकडी जोडे म्हणजे चिखल आणि शेण. जोडे करणाऱ्याला नोएमीच्या आईनं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत पाठवलं असतं. आणि त्या मायलेकी दर रविवारी सिनेमाला जात. मुख्य चित्रपटाआधी पडद्यावर होणाऱ्या जावयाचं तोंड दिसलं असतं, तर लग्न तिथल्या तिथे मोडलं असतं.

"अरे, पण हातालाही करंगळी नाही, ते दिसेल की," मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं.

"हात कोण बघतंय, मास्तर? लोक तोंड बघतात."

त्या वेळी दारात ओविद उभा होता. त्याला काही काम नव्हतं म्हणून उभा होता. साहेबानं वळून पाहिलं आणि त्याच्या हातातली सिगारेट तशीच राहिली.

"हे तोंड कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माझंच," ओविद म्हणाला. "पण मला लवकर सोडा, घोडा बाहेर उभाय."

झालं. हात फेलिसियांचे, तोंड ओविदचं, आणि नंतर पॅरिसमध्ये त्यावर आवाज चढवला एका नटाचा, ज्यानं आयुष्यात गाय जवळून पाहिली नसेल. तीन माणसं जोडून एक अस्सल माणूस तयार केला आणि त्याला माहितीपट म्हणाले. नावात कुठेतरी 'मौन' होतं. पॅरिसच्या लोकांना आमच्याकडे आलं की मौनच ऐकू येतं. आम्ही दिवसभर बडबडत असतो, ते त्यांना ऐकू येत नाही.

फेलिसियांचं लग्न झालं. तो सासऱ्याच्या दुकानात कापड मोजायला गेला आणि जाताना सगळी हत्यारं ओविदच्या अंगणात आणून टाकली. मी तिथेच होतो.

"हे घे," तो म्हणाला. "आणि तोंड बंद ठेव. तिला कळता कामा नये. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

"माझ्याकडून नाही कळणार," ओविद म्हणाला.

ओविद खोटं भरपूर बोलायचा, पण दिलेला शब्द मोडायचा नाही. आता हा शब्दच असा होता की तो पाळायला खोटं बोलावं लागे, त्यामुळे त्याचं फारच छान जमून गेलं.

त्या लघुपटाला कुठेतरी बक्षीस मिळालं आणि लोक पत्ता शोधत येऊ लागले. फेलिसियां गेलेला, हत्यारं ओविदकडे, तोंडही ओविदचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पंचाईत एवढीच की लोक जोडेही मागत. त्यानं महिनाभर खपून पहिली जोडी केली, तर दोन्ही डाव्या पायाचे. दुसऱ्या जोडीत पाय जाई, पण बाहेर येईना. आमच्या खाटकाला ते जोडे करवतीनं कापून काढावे लागले. शेवटी त्यानं तोड काढली. प्रवाशांना तो सांगे, हे पायात घालायचे नसतात, यात माती भरून जिरेनियम लावायचं. आजही क्लेर्मों शहरापर्यंतच्या खिडक्यांत ओविदचे जोडे दिसतील. फुलं काही तक्रार करत नाहीत.

मग दहा-बारा वर्षांनी क्रांतीच्या गप्पा मारणारे, केस वाढवलेले विद्यार्थी आले. तोवर कॅमेरे हलके झाले होते, खांद्यावर मावत, आणि आवाजही जागच्या जागी टिपला जाई. त्यांनी तो जुना लघुपट शिकताना तीनदा पाहिला होता. "आता निवेदन-बिवेदन काही नाही," त्यांचा पुढारी म्हणाला. "जनता स्वतः बोलेल." आणि गाडीतून उतरता उतरता पहिलाच प्रश्न: "काका, तुमचं ते तुटलेलं बोट दाखवा ना."

ओविदचा हात खिशात होता. तो खिशातच राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. "जखम उघडी पडलीय, उद्या दाखवतो," तो म्हणाला आणि थेट माझ्याकडे आला. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी, खाटीक आणि कॅफेवाली ओदील असे आम्ही तिघे त्याच्या डाव्या करंगळीशी झुंजत बसलो. करंगळी तळहातात दुमडायची, वर चिकटपट्टी, त्यावर कातड्याची टोपी. बरं दिसलं.

"घट्ट होतंय, मुंग्या येतायत," ओविद म्हणाला.

"शेवटचा व्हायचंय ना? मग येऊ देत," ओदील म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जनता बोलली. ओविदनं सांगितलं की करंगळी मालकाच्या यंत्रात गेली आणि मालकानं त्या दिवसाचा पगारही कापला. ओविदला जन्मात मालक नव्हता. पण त्या पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी कॅफेत सगळ्या गावाला जांतियानची दारू पाजली. ते कडू पिवळं पाणी पिताना ओविदचा चेहरा आणखीच सोसल्यासारखा दिसत होता, म्हणून त्यांनी तेही टिपलं.

पुढे हा धंदाच झाला. बेल्जियमचे आले, त्यांच्यासाठी करंगळी लांडग्यानं नेली. स्वित्झर्लंडचे आले, त्यांच्यासाठी ती बर्फात गळून पडली. समुद्रापलीकडून क्युबेकचे आले. ते सगळेच इतके गोड बोलत की ओविदला त्यांना फसवायचं जिवावर आलं, आणि त्यांना त्यानं फक्त "दुःखद आहे, नका विचारू" एवढंच सांगितलं. दरवेळी गाव कामाला लागे. ट्रॅक्टर कोठारात, टीव्हीचा काड्यांचा अँटेना खाली, फ्रिजवर गोधडी. एकदा ओदीलच्या सासूनं गोधडीखालच्या फ्रिजवर फुलदाणीही ठेवली, आणि दिग्दर्शकानं त्याला 'घरातलं देवघर' म्हणून टिपून घेतलं.

तुम्ही म्हणाल, लबाड माणूस. होताच. पण मी त्याच्याबरोबर पत्ते खेळलोय, मला त्याचं दुसरंही काही माहीत आहे. डेअरीचा टँकर दारोदार फिरू लागला तसं घोडागाडीचं काम संपलं. बायको नाही, पोर नाही. रविवारी चर्चबाहेर लोक आपापल्या माणसांत वाटले जात, तेव्हा हा मधोमध एकटा उरे. परक्या नंबरप्लेटची गाडी चढावर दिसली की मात्र त्याची पाठ ताठ व्हायची. हे एक सोडलं, तर आपण कुणी आहोत असं म्हणायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्या बाबतीत मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, कारण दर खेपेला चिकटपट्टी माझ्या शाळेची जायची.

आणि मग आमच्याकडे नवा सरपंच आला. लियों शहरातला. निवृत्त होऊन इथे घर घेतलेला, उत्साही, आणि गावाच्या पोटात काय आहे याचा पत्ता नसलेला. त्यानं ठरवलं की ओविदवर निघालेले सगळे लघुपट एकाच रविवारी, ओळीनं दाखवायचे आणि शेवटी त्याच्या गळ्यात गावाचं पदक घालायचं. क्लेर्मोंहून लघुपटांवर प्रबंध लिहिणाऱ्या एक बाई येणार होत्या. पॅरिसहून त्यानं पहिल्या लघुपटाची रीळसुद्धा मागवली.

"आणि मास्तर, आणखी एक गंमत," तो मला म्हणाला. "सें-फ्लूरच्या एक आजी आहेत. त्यांचे यजमान मूळचे याच गावचे, मागच्या हिवाळ्यात वारले. फेलिसियां नावाचे. त्यांनाही बोलावलंय. पुढच्या रांगेत बसवू."

मी घरी जाऊन बायकोकडे थंड पाणी मागितलं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण हे लघुपट दहा-दहा वर्षांच्या अंतरानं, निरनिराळ्या देशांत लागले होते. एका दुपारी एकापाठोपाठ एक लावले, तर आंधळ्यालाही बोटं मोजता येतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

ओविद संध्याकाळी आला. बसला नाही.

"मास्तर, पहिली रीळ हरवा."

"पॅरिसची आहे. सहीनं आलीय."

"मग जाळा. तुमचं यंत्र तापतंच."

"ओविद, त्यापेक्षा तूच सांगून टाक ना एकदाचं."

"कुणाला? तिला?" तो म्हणाला. "तो तर गेला. आता शब्द परत कुणाकडून घेऊ? नवरा जन्मभर खोटं बोलला, हे तिनं त्याच्या पाठीमागे, चारचौघांत ऐकायचं?" मग खाली बघत म्हणाला, "आणि माझं काय राहील, मास्तर?"

मी एवढंच केलं की क्रम उलटा लावला. सरपंचाला सांगितलं, जुनी रीळ नाजूक आहे, यंत्र नीट तापल्यावरच चालते. वास्तविक हे शुद्ध थापेबाजीचं बोलणं होतं, पण लियोंच्या माणसाला पटलं. मला वाटलं, तोपर्यंत लोक चीज आणि वाईनकडे वळतील.

रविवारी दुपारी काळे पडदे ओढून आम्ही सुरुवात केली. क्युबेकच्या लघुपटात ओविदची डावी करंगळी नव्हती, पण पुढच्याच दृश्यात हॅम कापताना ती आली आणि सुरी धरून बसली. स्वित्झर्लंडच्या लघुपटात डाव्या हाताला पाच बोटं होती आणि टोपी उजव्या करंगळीवर. त्या सकाळी पट्टी खाटकानं बांधली होती आणि त्याला समोरच्या माणसाचं डावं-उजवं कधीच कळलं नाही. बेल्जियमच्या आणि त्या विद्यार्थ्यांच्या लघुपटात करंगळी पुन्हा डाव्या हाताची गेली. गावकऱ्यांची अवस्था वाईट होती. ओदीलनं रुमाल तोंडात कोंबला होता. खाटीक खोकण्याच्या निमित्तानं बाहेर गेला, आणि बाहेरून जो आवाज आला तो खोकल्याचा नव्हता. क्लेर्मोंच्या बाई मात्र अंधारात काहीतरी लिहून घेत होत्या. ओविद पुढच्या रांगेत, दोन्ही हात काखेत दाबून. त्याच्या शेजारी नोएमीबाई, काळ्या कोटात, सरळ पाठीनं बसलेल्या.

मग पहिली रीळ लावावी लागली, कारण कुणीच उठलं नाही. नटाचा खोल आवाज आला, ओविदचं तरुण तोंड आलं, आणि मग पडदाभर फेलिसियांचे हात. ओंडका फिरत होता, पातं उतरत होतं, कपच्या उडत होत्या. चार बोटांचा तो डावा हात लाकडावर असा ठेवलेला, जणू त्याला काही सांगतोय. हॉलमध्ये हसणारं कुणी राहिलं नाही. तसं काम पुन्हा कुणी केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

दिवे लागले. आमच्या देशात सिनेमा संपला की घरी जायची परवानगी नसते, आधी चर्चा करावी लागते. क्लेर्मोंच्या बाई उभ्या राहिल्या.

"मस्यू रुकेत, मला एक कळत नाहीये. पहिल्या लघुपटात तुमच्या डाव्या हाताला चार बोटं आहेत. नंतर कधी पाच, कधी चार, कधी उजव्या हाताला चार. हे कसं काय?"

सरपंचाच्या हातात पदकाची डबी होती. ती अर्धी उघडी तशीच राहिली.

ओविद उठला. मी त्याचं तोंड ओळखतो, तो नवी थाप जुळवत होता. "त्याचं असंय," तो म्हणाला, "माझा एक जुळा भाऊ..."

"बस खाली, ओविद," नोएमीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो बसला.

"ते हात माझ्या नवऱ्याचे आहेत," त्या क्लेर्मोंच्या बाईंना म्हणाल्या. "मी हे सत्तावन्न साली पाहिलंय. आईशेजारी बसून. आई म्हणाली, बघ, कसे रानटी हात आहेत. आणि मी त्या हाताला आदल्याच रविवारी धरून चालले होते, मला नाही कळणार?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" ओविद म्हणाला.

"त्या संध्याकाळी घरी गेले आणि आईला सांगितलं, लग्न करीन तर याच्याशीच. त्याला कधी बोलले नाही. तो फर्निचर सांगायचा, मी ऐकायची. एवढं जपून सांगायचा, की मोडवत नव्हतं." त्यांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "घरी त्याचे पुष्कळ फोटो आहेत. सगळ्यांत हात खिशात. दुकानात तर हातमोजेच घालायचा. त्याला हे काम करताना मी फक्त तेवढंच एकदा पाहिलं. मास्तर, परत लावता का?"

मी रीळ उलटी गुंडाळायला घेतली.

"लावा," त्या म्हणाल्या. मग ओविदकडे वळून, अगदी साध्या सुरात, "राग मानू नकोस हं. तोंड तुझं चांगलंय. पण ते सारखं मध्ये येतं."

माझं प्रोजेक्टर हॉलच्या मधोमध एका टेबलावर होतं. दिवे घालवले आणि रीळ सुरू केली, तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. ओविद होता. पडद्यावर त्याचं तोंड आलं, ज्या तोंडामुळे तो चाळीस वर्षं कुणीतरी झाला होता ते तोंड, तसा त्यानं आपला डावा हात उचलून भिंगापुढे आडवा धरला. पडदाभर काळा पंजा उमटला, पाचही बोटं सुटी. फेलिसियांचे हात आले की तो बाजूला घेई. स्वतःचं तोंड आलं की पुन्हा धरी. लघुपटात ते किती वेळा येतं हे त्याच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. दिव्याची झळ भिंगापाशी चांगलीच लागते, पण रीळ संपेपर्यंत त्यानं एकदाही चुकवलं नाही.